आप्पांचा निरोप

"जावईबापू, जरा बाजूला घ्या गाडी," मागच्या सीटवरून आप्पा म्हणाले.

यांनी व्हॅन कडेला घेतली. नीमच मागे पडून अर्धा तास झाला असेल. फेब्रुवारीतली सकाळ होती, ऊन अजून अंगाला लागत नव्हतं. मला वाटलं आप्पांना आडोशाला जायचं असेल, पण ते उतरून रस्त्याच्या कडेला नुसते उभे राहिले. समोर नजर जाईल तिथवर पांढऱ्या फुलांचं शेत होतं. इतकी फुलं मी एका जागी कधी पाहिली नव्हती.

"कसलं पीक म्हणायचं हे?" आप्पांनी बांधावरच्या म्हाताऱ्याला मोडक्या हिंदीत विचारलं.

"अफीम है बाबूजी. सरकारी पट्टे की."

आप्पांनी मान डोलावली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अरू इकडूनच गेली असेल ना गं?"

"रेल्वेने गेली ती, आप्पा. खंडव्यावरून."

"हो का. मग तिला दिसली नसतील."

एवढं बोलून ते परत गाडीत येऊन बसले. हे माझ्याकडे बघून हसले. यांचं म्हणणं, माझे वडील म्हणजे एकदम साधं काम. चाळीस वर्षं चोपड्याच्या सूतगिरणीत फिटर होते, जळगावच्या पलीकडे कधी गेले नाहीत, आणि निवृत्त होऊन दोन वर्षं झाल्यावर अचानक म्हणाले होते, "मला उदयपूर बघायचंय."

उदयपूरला माझी धाकटी बहीण अरुणा दिलेली होती. लग्नाला चौदा महिने झाले होते.

आई आमची लवकर गेली. अरू माझ्याहून सहा वर्षांनी लहान, त्यामुळे तिची वेणी मी घातली, तिला शाळेत मी पोचवलं. माझं लग्न गावातच झालं. लीलाधर बोंडे, विजेच्या सामानाचं दुकान. अरू एकोणीस वर्षांची असताना तिच्या हनुवटीखाली पांढरा डाग उठला. आधी हरभऱ्याएवढा, मग रुपयाएवढा. त्यानंतर स्थळं यायची, चहा पिऊन जायची आणि परत निरोप यायचा नाही. तीन वर्षं हेच चाललं. मग सेंधव्याकडचा एक कापडवाला, जो दर महिन्याला आमच्या गल्लीत यायचा, त्याने उदयपूरचं स्थळ आणलं. भंवरलाल. तसबिरींना चौकटी करून देण्याचं दुकान, स्वतःचं घर, वय चाळीस, बिजवर नाही, डागाची हरकत नाही. अरू "हो" म्हणाली. आमच्या दारात मांडव पडला, तिकडून अकरा माणसं आली, आणि तिसऱ्या दिवशी अरू गेली.

पहिल्या सहा महिन्यांत तिची चार पत्रं आली. सगळ्यांत एकच मजकूर, मी बरी आहे, तुम्ही तब्येतीला जपा. मग पत्रं थांबली. पुढे पाच महिन्यांनी आप्पांच्या छातीत कळ आली, जळगावला चार दिवस ठेवावं लागलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यांना कसला धक्का बसू देऊ नका. त्यानंतर दोन महिन्यांनी आप्पांनी उदयपूरचं काढलं.

यांनी नुकतीच जुनी मारुती व्हॅन घेतली होती. लांबचा रस्ता मारायची यांनाही हौस होती. मुलाला सासूबाई आणि नणंद हेमलता यांच्याकडे ठेवलं आणि आम्ही तिघं निघालो. बिजासनच्या घाटात गाडी तापली, रतलामच्या अलीकडे रस्ता म्हणजे नुसते खड्डे, रात्री मंदसोरच्या धर्मशाळेत मुक्काम. आप्पांनी एकदाही कुरकुर केली नाही. मांडीवर बॅग घेऊन, खिडकीबाहेर बघत बसून राहिले.

उदयपुरात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. सूरजपोलजवळ एका लॉजमध्ये दोन खोल्या घेतल्या. भंवरलालना आधी पत्र टाकलं होतं, ते स्वतः लॉजवर न्यायला आले. काळा बंद गळ्याचा कोट, पान खाल्लेले दात, हात जोडून वाकून नमस्कार. आप्पांच्या पायाला हात लावला. "आपने बहुत कृपा की," असं तीनदा म्हणाले.

घर जुन्या शहरात होतं, जगदीश मंदिराच्या मागच्या गल्लीत. गल्ली इतकी अरुंद की दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावं लागेल. खाली दुकान, वर तीन खोल्या. दारात दोन बायका उभ्या होत्या, दोघींच्या चेहऱ्यावर पदर ओढलेला. कोणती अरू ते मला क्षणभर कळलं नाही. मग एकीने वाकून आप्पांच्या पायावर डोकं ठेवलं आणि ते उचललंच नाही. दुसरीने तिला दंडाला धरून उठवलं.

"ये हमारी भाभी," भंवरलाल म्हणाले. "सोहनबाई. भाईसाहब अहमदाबाद में रहते हैं, काम से."

सोहनबाई पंचेचाळिशीची असेल. उंच, हाडापेराने दणकट. हातभर बांगड्या, भांगात शेंदूर. तीच वाढत होती, तीच पाणी आणत होती, तीच अरूला नजरेने हे आण ते आण सांगत होती. अरू एक शब्द बोलली नाही. मी तिच्याशी मराठीत काही बोलले की ती भंवरलालकडे बघायची आणि नुसती मान हलवायची. वाळली होती, पण आजारी दिसत नव्हती. डाग वाढून गळ्यापर्यंत आला होता.

"अरू, जेवतेस ना नीट?" आप्पांनी विचारलं.

"हो आप्पा."

तेवढंच. आप्पांनी पुढे काही विचारलं नाही. दालबाटी केली होती, त्यांनी अर्धी खाल्ली.

परत लॉजवर येताना हे म्हणाले, "माणूस चांगला दिसतो. आपल्याकडे इतकी सरबराई कोण करतं?"

दुसऱ्या दिवशी भंवरलालनी दुकान बंद ठेवलं आणि आम्हाला शहर दाखवायला निघाले. सोहनबाई आणि अरूही बरोबर होत्या. मी खोटं बोलणार नाही, शहर मला आवडलं. राजवाड्याच्या मोर चौकात काचेच्या तुकड्यांचे मोर आहेत, हिरवे-निळे, भिंतीतून बाहेर येतील असे. हे रोल संपेपर्यंत फोटो काढत होते. "इथे उभी राहा, तिकडे बघ, पदर नीट घे." एका झरोक्यातून पिछोला तळं दिसत होतं आणि मध्ये पांढरा महाल. पण त्या वर्षी पाऊस कमी झाला होता, तळ्याचं पाणी खूप आत गेलं होतं आणि उघड्या पडलेल्या तळावर गुरं चरत होती. परदेशी पाहुणे गुरांचेही फोटो काढत होते. गाइड राण्यांच्या कथा सांगत होता. भंवरलाल आप्पांचा हात धरून एकेक पायरी उतरवत होते, "संभाल के, बाबूजी, संभाल के." आणि आप्पांचं मोरांकडे लक्ष नव्हतं. ते सारखे मागे वळून अरू कुठे आहे ते बघत होते.

जनाना महालाकडे जाणारा जिना अंधारा आणि निमुळता होता. आप्पांना दम लागला म्हणून भंवरलाल त्यांना चौकातल्या बाकावर घेऊन बसले, हे पाण्याची बाटली आणायला गेले. आम्ही तिघी वर चढलो. वर एक लहान खोली होती, जाळीच्या खिडकीची. सोहनबाई जिन्याच्या तोंडाशी थांबली. माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "बहन से बात कर लो. कोई आया तो मैं खाँस दूँगी." आणि आमच्याकडे पाठ करून वरच्या पायरीवर बसली.

अरूने पदर मागे टाकला.

"ताई, वेळ नाही, ऐक," ती म्हणाली. चौदा महिन्यांनी तिचा आवाज ऐकत होते मी. "अहमदाबादला भाऊबिऊ कोणी नाही. यांना भाऊच नाही. त्या बाई माझ्या जाऊ नाहीत. यांची बायको आहे ती. लग्नाची. वीस वर्षं झाली."

मी सोहनबाईच्या पाठीकडे बघितलं. तिला मराठी कळत नव्हतं, तरी ती अगदी ताठ बसली होती.

"मूल झालं नाही म्हणून मला आणलं. मी इथे आले त्या रात्री कळलं मला."

"पत्रात का नाही लिहिलंस?"

"पत्र ते स्वतः टाकतात. कापडवाल्याच्या पोराकडून वाचून घेतात आधी. तो येतो दुकानात, त्याला मराठी येतं."

"मारतात का?"

"मारत नाहीत. मारलं असतं तर काही सांगता तरी आलं असतं." तिने डोळे पुसले नाहीत, कारण ती रडत नव्हती. "दर महिन्याला मला बाहेर बसायची वेळ आली की ते त्या दिवशी जेवत नाहीत. दोघींपैकी कोणाशी बोलत नाहीत. दोनदा वैद्याकडे नेलंय. परवा म्हणाले, दिवाळीपर्यंत बघू. त्याच्यापुढे काय ते बोलले नाहीत. ताई, मला घेऊन चला."

"अगं पण..."

"आप्पांना विचार तू. मला त्यांच्यासमोर तोंड उघडवत नाही. मी त्यांना विचारलं आणि ते नाही म्हणाले तर मला ते बघवणार नाही. ते फक्त चल म्हणू देत. मी रोज सकाळी जगदीश मंदिरात आरतीला येते, सोहनबाई बरोबर असते. तिला माहीत आहे मी काय विचारणार ते. उद्या तू तिथे ये. आप्पा हो म्हणाले तर मी तशीच खाली उतरून गाडीत बसेन."

"आप्पांच्या छातीचं..."

"माहीत आहे. पत्रात लिहिलं होतंस. म्हणून तर तुला सांगते, तू नीट सांगशील."

सोहनबाई खोकली. अरूने पदर पुढे ओढला. खाली हे बाटली घेऊन आले होते आणि वर बघून हाक मारत होते, "झालं का बघून? राणीचा पलंग आहे म्हणे तिथे."

संध्याकाळी भंवरलालनी निरोप घेतला आणि आम्ही तिघं फतेहसागरच्या काठावर गेलो. तिथे गर्दी होती, भुट्टे, आईस्क्रीम, उंटावर बसवून फोटो. आप्पा कट्ट्यावर जाऊन बसले. मी यांना थोडं पुढे नेलं आणि सगळं सांगितलं.

यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"वाईट झालं," ते म्हणाले. "फार वाईट केलं त्या माणसाने."

"मग?"

"मग काय? तूच सांग. उद्या तिला गाडीत घातली. परवा चोपडा. ठेवणार कुठे?"

"आप्पांकडे."

"आप्पा आज आहेत. त्यांचं काय झालं तर? डाग आहे अंगावर, वर नांदून परत आलेली. दुसरं लग्न होणार आहे का तिचं? शेवटी माझ्याच दारात ना?" ते चिडले नव्हते, हिशेबाचं बोलावं तसं बोलत होते. "येत्या रविवारी हेमलताला बघायला भडगावचे लोक येणार आहेत. त्यांना काय सांगू? आमची मेहुणी नवऱ्याला सोडून आलीय, चहा घ्या?"

"तिची काही चूक नाही यात."

"चूक नाहीच. मी कुठे म्हणतो? पण चूक नसलेली माणसं काय कमी भोगतात का? आणि आप्पांना तू आत्ता हे सांगणार? इथे? परक्या गावात? त्यांना काही झालं तर मी कोणत्या दवाखान्यात नेऊ?"

ते म्हणाले, "बघ बाई. तुझी बहीण आहे. तू ठरव." आणि उंटाचे फोटो बघायला निघून गेले.

मी आप्पांजवळ येऊन बसले. त्यांनी माझ्यासाठी भुट्टा घेऊन ठेवला होता, तो गार झाला होता. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "अरू काही म्हणाली का गं तुला?"

मला तो प्रश्न इतक्या सरळ येईल असं वाटलं नव्हतं.

"कशाबद्दल?"

"कशाहीबद्दल. तुम्ही दोघी वर गेला होतात ना."

"बरी आहे म्हणाली."

"काहीच बोलली नाही?"

"नाही आप्पा. बरी आहे. करमत नाही म्हणाली, तेवढंच. नवीन जागा असली की होतं तसं."

आप्पांनी "हं" म्हटलं. मग थोड्या वेळाने पुन्हा, "हं." त्यांनी शाल अंगाभोवती घट्ट केली. मी त्यांच्या छातीकडे बघत होते, श्वास नीट चाललाय ना ते. त्या वेळी मी स्वतःला हेच सांगितलं, की मी त्यांच्या छातीसाठी गप्प बसले. पुढे कित्येक वर्षं हेच सांगत राहिले. पण त्या कट्ट्यावर बसून माझ्या डोळ्यांपुढे जे आलं होतं ते आप्पांचं दुखणं नव्हतं. माझ्या घरातली मागची खोली आली होती, आणि तिथे कायमची राहायला आलेली अरू.

सकाळी मी एकटीच मंदिरात गेले. यांना सांगितलं, दर्शन घेऊन येते. जगदीश मंदिराच्या पायऱ्या उंच आहेत, दोन्ही बाजूंना दगडी हत्ती. पायऱ्यांखाली फुलवाल्या बसल्या होत्या. त्या दोघी तिथेच उभ्या होत्या. अरूच्या ओढणीखाली काखेत एक कापडी पिशवी होती, फुगलेली. तिने तयारी करून आणली होती.

"बोल," ती म्हणाली.

"अरू, मी विचारलं."

"हं."

"आप्पा नाही म्हणाले."

ती माझ्याकडे बघत राहिली. पदराआडून मला फक्त तिची हनुवटी दिसत होती.

"काय म्हणाले? नेमकं काय म्हणाले ते सांग."

यासाठी माझी तयारी नव्हती. नुसतं नाही म्हणून भागेल असं मी धरून चालले होते. वर घंटा वाजायला लागली, लोक आम्हाला ढकलून पायऱ्या चढत होते, आणि मला आप्पांच्या तोंडचं वाक्य तयार करायचं होतं.

"म्हणाले, पोरीने आता तिथेच निभवावं. माझ्याच्याने आता होत नाही."

"असं म्हणाले?"

"हो."

"माझ्याच्याने होत नाही म्हणाले." ती ते हळू पुटपुटली. आप्पा खरंच असंच बोलायचे. त्यांच्या लकबी मला पाठ होत्या, म्हणून तिला ते खरं वाटलं.

तिने पिशवी काखेतून काढून सोहनबाईच्या हातात दिली. सोहनबाईने माझ्याकडे बघितलं. तिला भाषा कळली नव्हती, पण पिशवी तिच्या हातात आली होती. "नहीं ले जा रहे?" तिने विचारलं. मी मान हलवली. तिने पिशवी पदराआड घेतली. अरूच्या पाठीवर हात ठेवून तिला पायऱ्या चढवायला लागली. त्या दोघी वर दिसेनाशा होईपर्यंत मी खाली उभी होते. दर्शन मी घेतलं नाही.

नऊच्या सुमारास निघताना आम्ही दुकानाशी थांबलो. भंवरलालनी आप्पांना श्रीनाथजींची तसबीर दिली, सोनेरी चौकटीतली. अरू खाली आली. वाकून पाया पडली आणि सरळ उभी राहिली, पदर छातीपर्यंत. आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो त्यांनी काढलाच नाही. एवढा वेळ कोणी ठेवत नाही. गल्लीत मागे एक स्कूटरवाला हॉर्न वाजवत होता.

"येऊ मग, अरू?" आप्पा म्हणाले.

तिने पदर आणखी पुढे ओढला.

"काही हवंय का तुला?"

"काही नको," अरू म्हणाली. तिचा आवाज कोरडा ठणठणीत होता.

आप्पांनी हात काढला.

मंगलवाड येईपर्यंत आप्पा तसबीर मांडीवर धरून बसले होते. तिथल्या फाट्यावर हे चहासाठी थांबले. चहा पिऊन निघालो आणि शंभरेक पावलं गेलो नाही तोच आप्पा पुढे वाकले. "जावईबापू, गाडी वळवता येईल का?"

यांनी ब्रेक मारला. "काय झालं? काही विसरलं का?"

आप्पा माझ्याकडे बघत होते. मी आरशात त्यांचा चेहरा बघितला आणि नजर काढून घेतली. एक ट्रक मोठा आवाज करत बाजूने गेला.

"नाही," ते म्हणाले. "काही नाही. चला तुम्ही."

वर्षभराने अरूला मुलगी झाली. ते कळलं भंवरलालच्या पत्रातून. अरूने स्वतः पुन्हा कधी लिहिलं नाही. आप्पांनी पाठवलेल्या पत्रांना उत्तर आलं नाही. नागपंचमीला, दिवाळीला, कशालाच ती आली नाही. आप्पा म्हणायचे, "तिचा संसार लागला, आता कशाला आठवण येईल आपली." हेमलताचं लग्न भडगावला झालं. यांनी व्हॅन विकून मोठी गाडी घेतली.

दोन हजार नऊच्या पावसाळ्यात आप्पांना पुन्हा जळगावला ठेवलं. या वेळी डॉक्टरांनी काही आशा दाखवली नाही. एके दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. दोन चमचे घेतले आणि हाताने नको केलं.

"एक सांगू का तुला?" ते म्हणाले. "मी उदयपूर बघायला गेलो नव्हतो."

माझ्या हातात वाटी होती.

"पोरीची पत्रं वाचून मला कळत होतं. चारही पत्रांत तेच. अरू एवढं सरळ कधी लिहायची का? मनात म्हटलं, जाऊन बघावं. तिने नुसतं एकदा 'न्या' म्हणावं, तशीच उचलून आणायची. घर झाडून ठेवलं होतं मी. तुझ्या आईची पेटी रिकामी केली होती तिच्या कपड्यांसाठी. तुम्हाला बोललो नाही, म्हटलं, जावईबापूंना उगीच घोर."

"तुम्ही तिला विचारलं का नाही, आप्पा?"

"कसं विचारू? तिचा नवरा समोर. आणि ती सुखात असली तर? बापाने येऊन पोरीच्या संसारात काडी घालायची का?" त्यांना धाप लागली. थोडं थांबून म्हणाले, "तुझ्याजवळ बोलेल असं वाटलं होतं. तुझ्याजवळ सगळं बोलायची ती. तुझ्याजवळही नाही बोलली म्हणजे नसेल काही. असं धरलं मी."

तेव्हा मी सांगू शकले असते. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. मी वाटी खाली ठेवली, त्यांचं तोंड पुसलं आणि म्हटलं, "झोपा आता." तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

तार नाही, फोन केला. अरू दहाव्याला आली, बसने, आठ वर्षांच्या मुलीला घेऊन. दोन दिवसांचा प्रवास. ती आता पदर घेत नव्हती. डाग चेहऱ्यावर आणि हातांवर पसरला होता, तिने तो झाकला नव्हता. भंवरलालना अर्धांगवायू झाला होता, दुकान ती आणि सोहनबाई मिळून चालवत होत्या. घाटावर ती सगळ्यांच्या मागे उभी राहिली. कावळा शिवला तेव्हाही तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही.

तेराव्याचं जेवण झालं, माणसं पांगली. आम्ही दोघी मागच्या ओसरीत पत्रावळी गोळा करत होतो. ती म्हणाली, "मला रडू का येत नाही कळत नाही, ताई. त्यांचं तोंड आठवलं की ते वाक्यच आठवतं. माझ्याच्याने होत नाही. त्यानंतर मी त्यांना मनातून काढून टाकलं होतं. इतकी वर्षं."

मी खाली बसले.

"आप्पा तसं म्हणाले नव्हते," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"मी त्यांना विचारलंच नाही. त्यांनी मला विचारलं, अरू काही म्हणाली का. मी नाही म्हटलं. ते तुला आणायलाच आले होते. घर झाडून ठेवलं होतं. मला हे मरायच्या आधी तीन दिवस सांगितलं त्यांनी."

तिच्या हातात चार-पाच खरकट्या पत्रावळी होत्या. त्या तिने एकीवर एक नीट रचल्या, घडी घातली, टोपलीत टाकल्या. मग नळावर जाऊन हात धुतले. खूप वेळ धुतले. मी वाट बघत होते. ती मला मारेल, ओरडेल, निदान का असं विचारेल. मी मनात उत्तरंही तयार करत होते, छातीचं, हेमलताचं, यांचं. तिने काही विचारलं नाही.

हात पुसून ती आत गेली. आतून तिचा रडण्याचा आवाज आला. तेरा दिवस न रडलेली बाई रडते तसा. गल्लीतल्या दोघी बायका धावत आल्या. "बापासाठी रडतेय पोर, रडू द्या," असं एक जण म्हणाली. मी ओसरीतच बसून राहिले.

तासाभराने ती बाहेर आली. तोंड धुतलेलं, हातात बॅग.

"आज राहा," मी म्हटलं. "अरू, चार दिवस राहा. नाहीतर कायमची राहा. आप्पांचं घर तुझंच आहे."

"सोहनबाई वाट बघत असेल," ती म्हणाली. "यांना एकटीने उचलता येत नाही तिला." मग मुलीला हाक मारली आणि हिंदीत म्हणाली, "मौसी के पाँव छू, निकलना है."

मुलगी माझ्यासमोर आली आणि वाकली. तिची वेणी पाठीवरून घसरून माझ्या पायावर पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आपल्याकडे लेकीबाळींना जे म्हणतात, चांगल्या घरी पड, सुखाने नांद, ते सवयीने ओठांवर आलं. अरू दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही.

मुलगी तशीच वाकून राहिली. मग तिने मान तिरकी करून आईकडे बघितलं, की आता उठू का.

अरू पुढे आली. माझा हात तिने मुलीच्या डोक्यावरून उचलून बाजूला ठेवला, रागाने नाही, एखादी वस्तू सरकवावी तसा, आणि मुलीला घेऊन बसस्टँडकडे निघून गेली.